भुईमुगाचं पान आणि पाण्याचा हिशेब

गिरगाव चौपाटीवर पुडीत मिळणारे खारे शेंगदाणे आपण सगळ्यांनी खाल्लेले आहेत. खरिपातला बहुतेक भुईमूग पावसाच्या भरवशावरच पिकतो. फुलं येऊन गेली की त्यांच्या आऱ्या जमिनीत शिरतात आणि तिथं शेंग धरते. नेमक्या त्याच वेळी पावसानं दोन-तीन आठवडे दडी मारली की जमीन टणक होते. आरी आत शिरत नाही, आणि शिरलीच तरी शेंग पोचट राहते.

मग अशा ओढीत तग धरणारं झाड निवडायचं कसं? जुनी पद्धत सरळ होती. पेरायचं, काढायचं, शेंगा तोलायच्या. अडचण अशी, की ज्या वर्षी पाऊस नीट पडतो त्या वर्षी ही परीक्षाच होत नाही. आणि दुष्काळही दर वर्षी वेगळा, कधी सुरुवातीला, कधी दाणा भरताना. म्हणून शास्त्रज्ञ अशी खूण शोधत होते, जी पाऊस कसाही असो, झाडावर दिसेल. ती खूण त्यांनी पानात शोधली. आजचा विषय तो शोध.

आधी एक सूत्र लक्षात घ्या. १९७७ साली पॅसिउरा नावाच्या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञानं मांडलं, की कोरडवाहू पिकाचं उत्पादन म्हणजे तीन गोष्टींचा गुणाकार: झाडानं ओढून घेतलेलं पाणी, त्या पाण्याची काटकसर म्हणजे दर लिटरमागे किती वाढ झाली ते, आणि त्या वाढीतला शेंगांचा वाटा. पानाचा संबंध मुख्यतः दुसऱ्या गोष्टीशी. हे विसरू नका, पुढे सगळं यावरच येणार आहे.

पान ही काटकसर कशी सांगतं? हवेतल्या कार्बनचे दोन स्थिर प्रकार असतात, हलका आणि किंचित जड. पानातलं विकर हलका प्रकार पसंत करतं. पण पानातला कर्बवायू कमी पडू लागला की त्याला निवड करायला वाव राहत नाही, आणि जड प्रकारही जास्त वापरला जातो. रंध्रं जपून उघडणाऱ्या किंवा जोमानं अन्न बनवणाऱ्या पानात असंच होतं. म्हणजे वाळलेल्या पानात जड कार्बन किती, यावरून काटकसर कळावी. हा सिद्धांत फार्कहार आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली मांडला, आणि चार वर्षांत भुईमुगावर पडताळलाही गेला.

सिद्धांत देखणा, पण यंत्र महाग. हजारो झाडं तपासणाऱ्या पैदासकाराला ते परवडणार कसं? तेव्हा क्वीन्सलँडमधल्या किंगरॉयचे ग्रीम राइट आणि आपले आर. सी. नागेश्वर राव यांनी सोपी वाट दाखवली. पानाचं क्षेत्रफळ मोजा, पान भट्टीत वाळवा, तोला. एका ग्रॅमला क्षेत्रफळ कमी भरलं, तर पान जाड; जाड पानात नत्र जास्त, म्हणून काटकसर जास्त. १९९४ साली त्यांनी दाखवलं, की हे नातं वेगवेगळ्या परिस्थितीत बऱ्यापैकी टिकतं. त्याहून सोपं म्हणजे चिमट्यासारखा हरितद्रव्यमापक. पान चिमटीत धरलं की दोन सेकंदांत आकडा. पान तोडावंही लागत नाही. (पण दुपारी पानात पिष्ट साठून वजन वाढतं, तेव्हा सकाळचं पान आणि दुपारचं पान यांची तुलना करायची नाही. आकडा सोपा मिळाला म्हणून शिस्त सुटत नाही.)

इथं महाराष्ट्र येतो. ऑस्ट्रेलियाच्या मदतीनं भारतात एक मोठा प्रयोग झाला. पाटणचेरूचं इक्रिसॅट, जुनागढ, तिरुपती आणि आपलं जळगाव इथं त्याच संकरांतून दोन वाटांनी निवड केली. एका वाटेनं फक्त उत्पादन पाहायचं. दुसरीत पानावरून काटकसरीचा अंदाज, झाडाच्या वजनाला त्यानं भागून ओढलेल्या पाण्याचा अंदाज, आणि शेंगांचा वाटा, असं सगळं जोडून निर्देशांक काढायचा. २००५ साली निकाल छापून आला. पानं मोजणारी वाट सातत्यानं सरस ठरली नव्हती. माझं मत विचाराल तर नवल नाही. पानाच्या अंदाजात थोडी चूक झाली, की तीच चूक पाण्याच्या आकड्यातही उतरते.

आता जरा घराजवळ या. हार्बरची गाडी धरून मानखुर्दला उतरलं की जवळच ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र. अणुभट्टीसाठी प्रसिद्ध, पण तिथं भुईमुगाच्या दाण्यांवर क्ष-किरण सोडून नवे वाण काढण्याचं काम दशकानुदशकं चालू आहे. मोठ्या दाण्याचा टीजी-१, म्हणजे 'विक्रम', १९७३ सालचा. आणि १९९१ साली महाराष्ट्रासाठी प्रसारित झालेला टीएजी-२४. त्यातलं 'टी' ट्रॉम्बेचं, 'ए' अकोल्याचं. बुटकं झाड, गर्द हिरवी लहान पानं, आणि वाढीतला मोठा वाटा शेंगांत. म्हणजे सूत्रातली तिसरी गोष्ट.

गंमत बघा. पुढे इक्रिसॅटनं पानाच्या खुणांची परीक्षा घ्यायला हाच वाण निवडला. टीएजी-२४ आणि आयसीजीव्ही-८६०३१ यांच्या संकराच्या ३१८ ओळी कुंड्यांत लावल्या, आणि कुंड्या तोलून प्रत्यक्ष पाणी मोजलं. २००७ साली निष्कर्ष आला: पानाची जाडी, हिरवेपणाचा आकडा, कार्बनचं प्रमाण, तिघांचंही खऱ्या काटकसरीशी नातं फार क्षीण होतं. जे नातं किंगरॉयला पक्कं वाटलं, ते या संकरात जवळपास दिसेनासं झालं.

तेव्हापासून पाटणचेरूला १.२ मीटर उंचीच्या, मातीनं भरलेल्या प्लास्टिकच्या नळकांड्यांत भुईमूग वाढवतात, आणि अख्खी नळकांडी उचलून तोलतात. कष्टाचं काम, पण पाणी खरोखर मोजलं जातं. तिथल्या रत्नकुमार आणि वादे यांनी २०११ साली मांडलं, की अधूनमधून पडणाऱ्या ओढीत टिकणारे वाण शेंगांचा वाटा घटू देत नाहीत, आणि ओढीत त्यांचा पानोरा लहान असतो. म्हणजे पान पुन्हा आलंच, फक्त आता प्रश्न एका पानाच्या जाडीचा नाही, झाडावर एकूण पान किती, याचा आहे. प्रश्न असतील तर विचारा, वेळ आहे.