भूमिप्रवेशी श्वानाचें शिक्षण आणि ग्रंथांची साक्ष

अश्वविद्येस शालिहोत्राचा आणि गजविद्येस पालकाप्याचा आधार लाभला. श्वानविद्येस तेवढा मान मिळाला नाहीं. तथापि श्वान अगदींच उपेक्षित राहिला असेंहि नाहीं. अमरसिंहानें मृगयाकुशल श्वानास ‘विश्वकद्रु’ असें निराळें नांव नोंदविलें आहे, आणि कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लासां’त ‘सारमेयविनोद’ हें स्वतंत्र प्रकरण आहे. शाहू छत्रपतींच्या एका आवडत्या कुत्र्यानें वाघाच्या शिकारींत त्यांचा जीव वांचविला, म्हणून त्यास जहागिरीच्या सनदा व पालखीचा मान मिळाला, ही हकीकत ग्रँट डफनें १८२६ सालच्या आपल्या इतिहासांत दिली आहे. कुत्र्याची पालखी इतिहासांत आली. त्यास शिकविणाऱ्याचें नांव मात्र डफच्या पानावर नाहीं.

हा शिकविणारा ग्रंथांत कां येत नाहीं, आणि दुसऱ्या कोणीं त्याची विद्या लिहून ठेविलीच तर त्या लिखाणाची साक्ष कितपत धरावी, हा प्रश्न आम्हांस बरेच दिवस छळीत आहे. त्याच्या उलगड्यासाठीं आम्हीं परदेशचें एक उदाहरण घेतलें आहे. कारण तेथें या विषयावरील ग्रंथांची परंपरा सलग सांपडते व ताडून पाहतां येते. तें उदाहरण म्हणजे इंग्लंडांतील टेरिअर जातीच्या पिलाचें शिक्षण.

‘टेरिअर’ हा शब्द लॅटिन ‘टेरा’, म्हणजे भूमि, यापासून फ्रेंचमार्गें इंग्रजींत आला. खोकड व बॅजर हे प्राणी बिळांत राहतात. त्यांच्यामागें भूमींत शिरून त्यांस बाहेर काढणारा तो टेरिअर. १४८६ सालीं सेंट ऑल्बन्स येथें छापलेल्या मृगयाग्रंथांतील श्वानांच्या यादींत हें नांव येतें. पुढें राजवैद्य जॉन कायस यानें १५७० सालीं ब्रिटनच्या श्वानांवर लॅटिन निबंध प्रसिद्ध केला, त्यांत या जातीस ‘टेरॅरियस’ म्हटलें आहे. संस्कृतांत यास ‘भूमिप्रवेशी’ म्हणावयास हरकत नसावी. परंतु या दोन्ही ठिकाणीं नांव व काम एवढेंच कळतें. शिक्षणाची रीत कळत नाहीं.

ती रीत इंग्रजींत प्रथम विस्तारानें येते १५७६ सालच्या ‘नोबल आर्ट ऑफ व्हेनरी’ या ग्रंथांत. त्यांतील नियमांचा सारांश असा. पिलूं एक वर्षाचें होण्याच्या सुमारास त्यास बिळाची ओळख करून द्यावी. तो काळ टळला तर पुढें तें भूमींत शिरण्यास सहसा राजी होत नाहीं. ज्या बिळांत जून खोकड किंवा बॅजर आहे तेथें कच्च्या पिलास एकटें घालूं नये. त्याच्या आधीं एखादा मुरलेला कुत्रा आंत सोडावा, म्हणजे शत्रूचा पहिला आवेश तो सोसतो व पिलूं त्याच्यामागून धीट होतें. आंगणांत फळ्या व माती घालून कृत्रिम बीळ करावें व तेथें पिलास सराव द्यावा. यापुढील नियम वाचून मात्र अंगावर कांटा येतो. धरून आणलेल्या जनावराचा खालचा जबडा कापून टाकावा, म्हणजे तें आवेश दाखवील परंतु पिलास चावूं शकणार नाहीं, असें तेथें सांगितलें आहे.

हा ग्रंथ दीर्घकाळ जॉर्ज टर्बरव्हिल याच्या नांवावर चालला. १९०८ सालीं ऑक्सफर्ड येथें त्याचें पुनर्मुद्रण झालें तेंहि त्याच्याच नांवानें. पुढें १९४२ सालीं तो जॉर्ज गॅस्कॉइन याचा असल्याचें दाखविण्यांत आलें. पण कर्ता कोणीहि ठरो, टेरिअरविषयक मजकूर मूळ त्या दोघांपैकीं कोणाचाच नव्हे. तो जाक द्यु फुयू या फ्रेंच गृहस्थाच्या १५६१ सालच्या मृगयाग्रंथाचा अनुवाद आहे. याची खूण मजकुरांतच आहे. या श्वानांच्या दोन जाती, एक आंखूड केसांची व वांकड्या पायांची, दुसरी राठ केसांची व सरळ पायांची, सांगून त्यांचा संबंध फ्लँडर्स व आर्त्वा या प्रांतांशीं जोडला आहे. इंग्लंडांत पिलें शिकविणाऱ्या माणसास आर्त्वा प्रांत आठवण्याचें कारण नव्हतें. १६७४ सालीं निकोलस कॉक्स यानें आपला मृगयाग्रंथ काढला, त्यांत त्याच दोन जाती व तीच एक वर्षाची मर्यादा पुन्हा येते, आणि तेथून पुढच्या शतकांतील कोशांत उतरते.

आम्हीं आयुष्यभर शाळेंत वह्या तपासल्या. चार मुलांचें उत्तर बरोबर आलें तर चौघांनीं अभ्यास केला असें क्षणभर मानतां येतें. पण चौघांची चूक एकच निघाली, म्हणजे तीन वह्या बाजूला ठेवून पहिली वही कोणाची तें पाहावें लागतें. पोथ्यांचेंहि असेंच आहे. एकाच ठिकाणीं अक्षर गळालेल्या चार प्रती या चार साक्षी नव्हेत. त्या एका आदर्श प्रतीच्या चार सावल्या आहेत. टेरिअरच्या नियमांस शतकाहून अधिक काळ जी ग्रंथांची बहुसंख्या मिळाली, ती अशीच एका साक्षीची आहे.

खरी दुसरी साक्ष कशी असते हें पाहण्यास थोडें मागें जावें लागेल. ग्रीक ग्रंथकार झेनोफन यानें सशाच्या शिकारीवर लिहितांना कुत्रीस आठव्या महिन्यांत व कुत्र्यास दहाव्या महिन्यांत शिकारीवर न्यावें असें म्हटलें आहे. त्यानंतर पांच शतकांनीं एरिअन यानें त्याच विषयावर लेखणी उचलली. अलेक्झांडरच्या स्वारीचा व ‘इंडिका’चा कर्ता म्हणून आपले वाचक यास ओळखतात. झेनोफन हा त्याचा गुरुतुल्य. तरी जेथें स्वतःचा अनुभव निराळा, तेथें त्यानें गुरूची ओळ उतरून घेतली नाहीं. केल्टिक जातीचे वेगवान् कुत्रे झेनोफनास ठाऊक नव्हते हें सांगून, कुत्रीस अकरा महिने व कुत्र्यास दोन वर्षे पुरीं होऊं द्यावीं असा त्यानें पालट केला; कारण नराचे अवयव उशिरां भरतात. पिलास ससा दाखवून सोडल्यावर मागून एक जाणता कुत्राहि सोडावा, म्हणजे पिलूं थकून खचणार नाहीं, असेंहि तो सांगतो. एरिअनचा हा ग्रंथ पॅरिस येथें १६४४ सालीं प्रथम छापला गेला. अर्थात् १५७६ च्या ग्रंथांतील ‘आधीं मुरलेला कुत्रा’ हा नियम त्या छापील प्रतीवरून आलेला असणें शक्य नाहीं. निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या शिकारींत, दोन ठिकाणीं एकच गोष्ट निघाली. हा एक नियम आम्ही सिद्ध धरतों.

आतां उंदीर व ससे. सोळाव्या शतकांतील शिकार ही सरदारांची करमणूक, म्हणून त्या ग्रंथांत टेरिअर खोकडाच्या मागें असतो. बीळ करून राहणारा इंग्लंडचा ससा हा आपल्या रानांतला ससा नव्हे. आपला ससा उघड्यावर गवतांत दबून बसतो. हा दुसरा नॉर्मन लोकांच्या मागें बाराव्या शतकांत पाळीव म्हणून तेथें आला व पुढें शेतांस जाचक झाला. मोठा तपकिरी उंदीर तर तेथें अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत पोहोंचला. धान्याचीं कोठारें पोखरूं लागलीं, तेव्हां टेरिअरास रोजचें काम मिळालें. शहरांत त्याचा तमाशाहि झाला: १८२३ सालीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर आखाड्यांत ‘बिली’ नांवाच्या कुत्र्यानें साडेपांच मिनिटांत १०० उंदीर मारले. १८३५ च्या कायद्यानें बैल व अस्वलें यांच्या झुंजी बंद पडल्या, उंदरांचे आखाडे मात्र चालूच राहिले.

या कामांतील माणसें स्वतः लिहूं लागलीं तीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. बार्कले यानें उंदीर धरण्याच्या कलेवर शाळेंतील क्रमिक पुस्तकाच्या थाटांत गमतीचें पण माहितीचें पुस्तक लिहिलें. मँचेस्टरच्या आइक मॅथ्यूज यानें १८९८ सालीं २५ वर्षांचा अनुभव छापला. या धंद्याची रीत साधी आहे. पिलानें प्रथम हांकेस यावें, शिटी ओळखावी, कोंबड्या व मेंढ्या यांकडे पाहूं नये. नंतर फेरेट, म्हणजे मुंगसासारखा दिसणारा पाळीव प्राणी, त्याच्या ओळखीचा करावा. कारण उंदीर किंवा ससा यांस बिळांतून हुसकून काढण्याचें काम फेरेटचें, आणि बिळाच्या तोंडाशीं टपून बसण्याचें कुत्र्याचें. जें पिलूं घाईनें फेरेटासच धरतें तें निरुपयोगी. पहिला उंदीर लहान असावा. मोठ्या उंदरानें कोवळ्या वयांत नाक फोडलें तर कित्येक पिलें कायमचीं बुजतात. आणि पहिल्या दिवसांत शेजारीं जाणता कुत्रा असावा. एरिअनचाच नियम येथें तिसऱ्यांदा भेटतो.

या रीतींत व जुन्या ग्रंथांत एक मोठा भेद आहे. ग्रंथांनीं शत्रूस अपंग करून शिष्याची भीति घालविली. येथें शिष्याच्या तोलाचें काम त्याच्यापुढें ठेवलें जातें. जबडा कापण्याचा नियम ज्यांनीं उतरून घेतला त्यांपैकीं किती जणांनीं तें कृत्य डोळ्यांनीं पाहिलें असेल? लेखणीस रक्त लागत नाहीं, म्हणूनच असा नियम प्रतींतून प्रतींत निर्वेधपणें जातो. २००४ च्या कायद्यानें इंग्लंड व वेल्समध्यें वन्य पशूंमागें कुत्रे घालण्यास मनाई झाली. कांहीं अपवाद ठेवण्यांत आले, त्यांत जमीनमालकाच्या संमतीनें उंदीर व ससे यांची शिकार आहे. ज्यास जुन्या ग्रंथांनीं ओळहि दिली नाहीं, तेंच काम कायद्यानें मोकळें ठेविलें.

आमच्या संग्राहक मित्रांस यावरून एवढेंच विनवावयाचें आहे. दप्तर चाळतांना सनदा व तहनामे निराळे काढले जातात, आणि शिकारखान्याच्या खर्चाचे, जनावरांच्या खुराकाचे, कुत्रीं सांभाळणाऱ्यांच्या पगाराचे बंद रद्दींत पडतात. एका हातानें एकदांच लिहिलेला असा मळका बंद हा कोणाचीहि नक्कल नसतो. चार सुबक प्रतींहून त्याची साक्ष वजनदार आहे. तो सांपडल्यास जपून ठेवावा. कुत्र्यास पालखी मिळालीच आहे, शिकविणाऱ्याचें नांव तरी वांचेल.