दुसऱ्या दाबावरचा ब्रेक

आजचा भाग जुन्या जीपवर, पण इंजिनावर नाही, ब्रेकवर. आमच्या मोर्शीकडं संत्र्याच्या बगिच्यात अजून एखादी जुनी महिंद्रा उभी दिसते. मालक कौतुकानं सांगतो, "गाडी एक नंबर हाय भाऊ, फक्त ब्रेक दुसऱ्या दाबावर लागते." हे 'फक्त' मला काही पटत नाही.

1941 ची विलीज जीप लष्करासाठी बनली. चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि ते ऑइलच्या दाबानं चालणारे. हे तंत्र तसं नवं नव्हतं. माल्कम लॉकहीडच्या पद्धतीचे चार चाकांचे हायड्रॉलिक ब्रेक 1921 मध्येच ड्यूसेनबर्ग मोटारीत आले होते. जीपमध्ये मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीला. तिथून निघालेल्या एकाच लाइनीवर चारही चाकं. हँडब्रेक मात्र वेगळा, मागच्या शाफ्टवर. नाल्यात उतरलं की चिखल-पाणी आधी त्या मास्टर सिलिंडरलाच भेटतं.

1945 मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' कंपनी निघाली. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. विलीजचे सुटे भाग जोडता जोडता कंपनी जीप इथंच बनवू लागली. सीजे-3बी हे मॉडेल अमेरिकेत 1968 मध्ये थांबलं, आपल्याकडं त्यानंतरही कितीतरी वर्षं चाललं. एक नळी फुटली की चारही चाकं गेली, ही जुनी रचनाही सोबत आली. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो. अमेरिकेत 1960 च्या दशकाअखेर नव्या मोटारींना दोन वेगळ्या लाइनी सक्तीच्या झाल्या.

आता तो दुसरा दाब. या ड्रममध्ये लायनर झिजलं की शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं, आणि ते आपोआप भरून येत नाही, हातानं सेट करावं लागतं. पहिला दाब ते अंतर भरण्यातच जातो. म्हणून आधी ॲडजस्टमेंट. ती करूनही पॅडल स्प्रिंगसारखं लागत असेल तर लाइनीत हवा आहे. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून हवा काढायला घ्या. एकानं पॅडल दाबायचं, दुसऱ्यानं निपल उघडायचा, आणि निपल बंद झाल्याशिवाय पॅडल सोडायचं नाही. मधे टाकीतलं ऑइल संपलं तर पुन्हा पहिल्यापासून.

ब्रेक ऑइलऐवजी इंजिन ऑइल टाकाल तर रबरी वॉशर फुगतात, मग सगळेच बदलायचे. खरं ब्रेक ऑइलही हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळं उघडी राहिलेली जुनी बाटली वापरू नका. डॉट-3 नवं असताना 205 अंशांच्या खाली उकळत नाही, पाणी मुरलं की ही हमी 140 वर येते. चिखलदऱ्याचा घाट सतत ब्रेक दाबत उतरलात तर ऑइल उकळून वाफ होऊ शकते, आणि मग पॅडल सरळ खाली. म्हणून उतारावर लहान गिअर.

जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

शेवटी गाडी बंद ठेवून पॅडल मिनिटभर दाबून धरा. हळूहळू खाली बसलं, तर कुठंतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे वॉशर गेलेत. अशी गाडी मिस्त्रीकडं चालवत नेऊ नका, मिस्त्रीला घरी बोलवा. हँडब्रेकचं पुढच्या भागात.