मुंबईची लस आणि सॅन फ्रान्सिस्कोची चिनी वस्ती

लस हा विषय वर्गात शिकवताना आपण सहसा तीन नावे सांगतो: जेन्नर, पाश्चर आणि हाफकिन. तिसरे नाव परळच्या संस्थेमुळे आपल्या विशेष ओळखीचे आहे. शास्त्रज्ञाने लस शोधली, लोकांनी ती टोचून घेतली आणि माणसे वाचली, असा हा पाठ संपतो. पण लस बाटलीत तयार होणे आणि ती माणसाच्या दंडात जाणे या दोन घटनांच्या मध्ये बरेच काही घडते. ती आधी कोणाला द्यायची? पोटापाण्यासाठी परदेशातून येऊन गावात राहिलेल्या माणसाला ती मिळावी का? आणि त्याला ती नको असेल, तर केवळ तो परका आहे म्हणून सक्तीने टोचावी का?

हे प्रश्न २०२१ साली कोविडच्या लसीमुळे जगभर विचारले गेले. परंतु ते नवे नव्हते. १९०० साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात ते थेट न्यायालयापर्यंत गेले होते, आणि तेव्हा वादाच्या मध्यभागी जी लस होती तिचा जन्म आपल्या मुंबईतला होता.

तुपाच्या थेंबाखाली वाढलेले जंतू

प्लेगची ती जागतिक साथ चीनच्या युन्नान प्रांतातून पसरत १८९४ साली कँटन आणि हाँगकाँगला पोचली. हाँगकाँगमध्येच त्या वर्षी येर्सिन यांनी प्लेगचा जंतू ओळखला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांना प्लेगचे रुग्ण आढळले. पुढच्या महिन्यात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ते स्वतः ओडेसा येथे जन्मलेले ज्यू, म्हणजे या देशात परकेच. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये मिळालेल्या जागेत त्यांनी कामाला सुरुवात केली.

मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवायचे आणि मग उष्णतेने ते मारायचे, अशी त्यांची पद्धत होती. जंतू भरपूर वाढावेत म्हणून त्यांनी रसावर तुपाचे थेंब सोडले. या थेंबांना धरून जंतूंच्या वाढीचे झुपके लोंबत्या मुळ्यांसारखे खाली उतरत. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. लस टोचलेल्यांमध्ये लागण आणि मृत्यू कमी झाल्याचे तिथे दिसले.

लसीला मर्यादा होत्या. टोचल्यावर दंड सुजे, ताप येई आणि माणूस एक-दोन दिवस अंथरुणाला खिळे. संरक्षण पूर्ण नव्हते आणि ते येण्यास काही दिवस लागत. म्हणून साथीच्या ठिकाणी जाणाऱ्याने किंवा साथीच्या छायेत राहणाऱ्याने आधीच टोचून घ्यावे, हा तिचा योग्य उपयोग होता. रोग आधीच अंगात भिनू लागला असेल तर लस उलट धोक्याची ठरेल, असे त्या काळचे वैद्यकीय मत होते. हा मुद्दा लक्षात ठेवू या. पुढे न्यायालयात तोच महत्त्वाचा ठरला.

तळघरातला मृत्यू

साथ जहाजांबरोबर पुढे सरकली. डिसेंबर १८९९ मध्ये ती होनोलुलूला पोचली. तिथे प्लेगची घरे जाळताना २० जानेवारी १९०० रोजी आग हाताबाहेर गेली आणि चिनी वस्तीचा मोठा भाग भस्मसात झाला. त्यानंतर सहा-सात आठवड्यांनी, ६ मार्च १९०० रोजी, सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीत एका हॉटेलच्या तळघरात एका चिनी मजुराचे प्रेत सापडले. त्याच्या जांघेत गाठ होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे लोक जागे झाले तेव्हा वस्तीभोवती पोलिसांचा दोरखंड लागलेला होता. गोऱ्या लोकांना बाहेर पडू दिले गेले आणि चिनी लोकांना आत कोंडले गेले. अजून रोगाचे निदानही पक्के झालेले नव्हते. बंदरावरील विलगीकरण केंद्राचे प्रमुख डॉ. जोसेफ किन्यून यांनी मृताच्या गाठीतील द्रव गिनीपिग, उंदीर आणि माकड यांना टोचून पाहिला. व्यापाऱ्यांच्या आणि चिनी रहिवाशांच्या विरोधामुळे ९ मार्चला वेढा उठवण्यात आला. त्यानंतर काही दिवसांतच किन्यून यांच्या पिंजऱ्यातले प्राणी मेले. रोग प्लेगच होता.

किन्यून यांना खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते बरोबर होणार नाही. ते त्यांच्या देशातील आघाडीचे जंतुशास्त्रज्ञ होते. त्यांनी १८८७ साली सुरू केलेल्या छोट्या प्रयोगशाळेतूनच पुढे अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्था वाढली. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर हेन्री गेज प्लेग नाहीच असे ठासून सांगत होते, कारण प्लेगचे नाव निघाले की राज्याचा व्यापार बुडणार होता. किन्यून मात्र खरे तेच सांगत होते. रोग त्यांनी अचूक ओळखला. चूक झाली ती त्यावरचा उपाय कोणावर करायचा हे ठरवताना.

चेहरा पाहून टोचणी

हे चिनी लोक तिथे कसे आले होते? सोन्याच्या खाणींत आणि पुढे १८६० च्या दशकात डोंगर फोडून लोहमार्ग घालण्यासाठी त्यांच्या श्रमांचा उपयोग झाला. काम संपल्यावर ते डोळ्यांत सलू लागले. १८८२ च्या कायद्याने नव्या चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी झाली आणि आधीपासून राहणाऱ्या चिनी लोकांना नागरिकत्वाचा मार्ग बंद झाला. कोणी तीस वर्षे दुकान चालवो, कर भरो, कायद्याच्या दृष्टीने तो परदेशीच. तिथेच जन्मलेली चिनी मुले मात्र १८९८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने नागरिक ठरली होती.

मे १९०० मध्ये आणखी रुग्ण सापडले. वॉशिंग्टनमधील आरोग्य खात्याचे प्रमुख वॉल्टर वायमन यांच्या सूचनेनुसार चिनी वस्तीत हाफकिनची लस सर्वांना टोचण्याची योजना आखली गेली. त्यानंतर आदेश निघाला की, चिनी आणि जपानी लोकांना लस टोचल्याचा दाखला दाखवल्याशिवाय शहर सोडता येणार नाही. रेल्वे आणि बोटींवर तपासणी सुरू झाली. गोऱ्या प्रवाशाला दाखला विचारला जात नसे, मग तो आदल्या दिवशी चिनी वस्तीत जेवून आलेला का असेना. तपासनीस नागरिकत्वाचा कागद पाहत नव्हता, चेहरा पाहत होता. त्यामुळे तिथेच जन्मलेला चिनी तरुणसुद्धा या आदेशात सापडला.

वस्तीत घबराट पसरली. लसीने ताप येतो, दंड सुजतो हे खरेच होते, आणि त्यातून लस म्हणजे विषच आहे अशी अफवा उठली. दुकाने बंद ठेवून निषेध झाला. आजारी माणसांना लपवले जाऊ लागले. हे चित्र आपल्याला अनोळखी नाही. तीनच वर्षांपूर्वी पुण्यात रँडच्या अंमलाखाली सोजिरांनी घरे झडतीला घेतली, तेव्हा इथेही हेच झाले होते. लोकांनी रोगापेक्षा रोगनिवारणाची धास्ती घेतली होती.

वाँग वाय यांचा दावा

चिनी रहिवाशांच्या संघटनेने वकील दिले आणि वाँग वाय नावाच्या व्यापाऱ्याच्या नावाने संघराज्याच्या न्यायालयात दावा दाखल झाला. निकाल देण्यास न्यायमूर्ती विल्यम मॉरो यांना वेळ लागला नाही. २८ मे १९०० रोजी त्यांनी हा आदेश अमलात आणण्यास मनाई केली.

त्यांचा युक्तिवाद विज्ञानाच्या शिक्षकाने मुद्दाम वाचावा असा आहे. पहिला मुद्दा: चिनी किंवा जपानी माणसाला इतरांपेक्षा प्लेग अधिक होतो, याला कोणताही पुरावा न्यायालयापुढे आला नाही. दुसरा मुद्दा: आदेश माणसाच्या सवयी, त्याचा रोग्याशी आलेला संबंध किंवा त्याचे राहण्याचे ठिकाण यांपैकी काहीच विचारात घेत नव्हता, फक्त वंश पाहत होता. तिसरा मुद्दा वर सांगितलेलाच. ही लस साथीच्या जागी जाणाऱ्यासाठी आहे. तिथून बाहेर पडणाऱ्याला ती टोचणे, हे खुद्द आरोग्य खात्याच्या शास्त्रीय मार्गदर्शनाशी विसंगत होते. म्हणजे आदेश अन्यायाचा होता आणि शास्त्राला धरूनही नव्हता.

या निकालाचा कायदेशीर आधार अमेरिकी राज्यघटनेची १८६८ ची चौदावी दुरुस्ती हा होता. कायद्याचे समान संरक्षण कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे ती म्हणते. तिथे ‘नागरिक’ असा शब्द नाही, ‘व्यक्ती’ असा आहे. या एका शब्दामुळे वाँग वाय यांच्यासारख्या परदेशी रहिवाशाला दार उघडे होते.

दुसऱ्याच दिवशी वस्तीला पुन्हा वेढा पडला. या वेळी सीमारेषा अशा वेड्यावाकड्या आखल्या होत्या की कडेची गोऱ्यांची घरे बाहेर राहावीत. ज्यू हो नावाच्या किराणा दुकानदाराने दावा लावला आणि १५ जूनला मॉरो यांनी हाही वेढा बेकायदा ठरवला. रोगी असलेले घर वेगळे करणे समजू शकते. पण हजारो निरोगी माणसांना एका जागी कोंडल्याने रोग अडण्याऐवजी वाढेल, असे त्यांनी दाखवून दिले.

निकालानंतर

इथे गोष्ट सुखाने संपत नाही. सक्ती उठली, पण विश्वास परत आला नाही. लस आता ऐच्छिक होती आणि ती घ्यायला फारसे कोणी पुढे येईना. ज्या लसीचा वस्तीला काही उपयोग होऊ शकला असता, ती सक्तीच्या पायी बदनाम झाली होती. गव्हर्नर साथ नाकारतच राहिले. १९०१ साली बाहेरच्या तज्ज्ञांच्या समितीने प्लेगची खात्री केली, आणि किन्यून यांची मात्र त्याच वर्षी बदली झाली. १९०४ पर्यंत ती साथ धुमसत राहिली. शंभराहून अधिक माणसे दगावली आणि त्यांतली बहुतेक चिनी होती.

मग १९०६ चा भूकंप झाला आणि १९०७ साली शहरात प्लेग पुन्हा उद्भवला. या वेळी बहुसंख्य रुग्ण गोरे होते. पिसवा वंश पाहून चावत नाहीत, हे आता सर्वांना दिसले. सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत केलेल्या प्रयोगांवरून प्लेग उंदरांच्या पिसवांमार्फत पसरतो असे मांडले होते, पण त्यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नव्हता. १९०५ पासून मुंबईत काम करणाऱ्या प्लेग आयोगाने ते सिद्ध केले. हे ज्ञान हाताशी असल्यामुळे रूपर्ट ब्लू यांनी सॅन फ्रान्सिस्कोत माणसांना कोंडण्याऐवजी उंदरांविरुद्ध मोहीम उघडली आणि साथ आटोक्यात आली. तोवर प्लेगचा जंतू जंगली खारींमध्ये शिरला होता. अमेरिकेच्या पश्चिम भागात तो आजही टिकून आहे आणि अधूनमधून एखाद्या माणसाला गाठतो.

एकशेवीस वर्षांनंतर

कोविडच्या काळात प्रश्न उलटा होऊन समोर आला. आता परदेशी रहिवाशांना टोचणीची सक्ती होईल ही भीती कमी आणि आपल्याला वगळले जाईल ही चिंता अधिक होती. अमेरिकेत लस देताना नागरिकत्व विचारायचे नाही असे ठरले, आणि लसीकरण केंद्रांवर स्थलांतरितांची धरपकड होणार नाही असे सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केले. सिंगापूरमध्ये एप्रिल २०२० पासून परदेशी मजुरांना त्यांच्या दाटीवाटीच्या वसतिगृहांत बंद राहावे लागले होते. तिथेच पुढच्या वर्षी दीर्घ मुदतीच्या परवान्यावर राहणाऱ्या परदेशी लोकांनाही नागरिकांप्रमाणेच लस मोफत मिळाली. एकाच देशात वेगळे वागवणे आणि सारखे वागवणे या दोन्ही गोष्टी दीड वर्षाच्या आत घडल्या.

आपल्याकडे लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. भारतात राहणाऱ्या परदेशी नागरिकांना आपल्या पासपोर्टवर कोविन पोर्टलवर नोंदणी करण्याची मुभा ९ ऑगस्ट २०२१ रोजी मिळाली. त्यासाठी सरकारने दिलेले कारण साधेच होते. परदेशी लोक मोठ्या संख्येने, विशेषतः महानगरांत, दाट वस्तीत राहतात, आणि त्यांना लस मिळाली तर त्यांच्यापासून इतरांना होणारा संसर्गही कमी होतो. जंतूला सीमा कळत नाही हे विज्ञान एकदा मान्य केले, की लसीच्या रांगेत पासपोर्टचा रंग का पाहू नये याचे उत्तर बरेचसे मिळते.

हा विषय वर्गात घ्यायचा असेल तर एक साधा उपक्रम सुचवावासा वाटतो. मुलांना सांगावे की गावात साथ आली आहे आणि लस तुटपुंजी आहे, तेव्हा कोणाला ती आधी द्यायची याचे नियम तुम्ही लिहा. गावात वीटभट्टीवरचे परप्रांतीय मजूर आहेत, सुटीत आलेले पाहुणे आहेत, एखादा परदेशी विद्यार्थी आहे. नियम लिहून झाले की प्रत्येक नियमापुढे मॉरो यांचे दोन प्रश्न विचारायला लावावेत. या नियमाला रोगाविषयीचा कोणता पुरावा आहे? आणि हा नियम माणसाला असलेला धोका पाहतो, की फक्त माणूस कुठला आहे ते पाहतो? बरेचसे नियम मुले स्वतःच खोडून पुन्हा लिहितील.