भाकरी ताटातून कशी गेली, आणि तिच्यासोबत काय काय गेलं



हस्ताचा पाऊस झाला, वाफसा आला की आमच्या बालाघाटाच्या पट्ट्यात रब्बी ज्वारीच्या पेरण्या सुरू होतात. आणि दरवर्षी घरोघरी तोच वाद, ज्वारी कशाला, सगळा हरभराच टाका. इकडं तालुक्याचा डॉक्टर शुगर निघालेल्या प्रत्येक माणसाला सांगतो, भाकरी खा. भाकरी खा म्हणणारे पुष्कळ झाले, पण ती ताटातून गेली कशी हे कुणी सांगत नाही. म्हणून आज खत-फवारणी बाजूला ठेवून थोडा इतिहास लिहितो.

आपली मालदांडी ३५-१ ही १९३० च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर गावरान मालदांडीतून निवडलेली. एवढी वर्षं झाली, नवीन वाणं किती आली, पण भाकरीला अजून लोक मालदांडीच मागतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण जुन्या काळी शेतात नुसती ज्वारी कधीच नसायची. खरिपाच्या उंच गावरान ज्वारीत तुरीचं पाटं, मूग, मटकी, हुलगा, कडेला अंबाडी. रब्बीत धुऱ्यानं करडई, तिच्या काट्यामुळं जनावर आत शिरत नाही आणि घरचं तेल निघतं. करडई विरळली की त्या कोवळ्या रोपांची भाजी. हरभऱ्याचे शेंडे खुडले की झाडाला फुटवा येतो आणि संध्याकाळची भाजीही होते. खुरपणीत निघालेला तांदुळजा, घोळ, पाथरी बायका ओच्यात घालून घरी आणायच्या.

हे सगळं एका जागी बघायचं असेल तर वेळ अमावस्येला आमच्याकडं शेतात जेवायला या. तुरीचे हिरवे दाणे, हरभरा, वाटाणा, पालेभाज्या, सगळं एकत्र शिजवून बेसन लावलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आणि ज्वारीचं पीठ ताकात घालून केलेलं आंबील. आता लोक त्याचे फोटो काढतात. पूर्वी थोड्याफार फरकानं हे रोजचंच जेवण होतं.

म्हणून जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. १९६० च्या सुमारास हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत, जी पुढं राष्ट्रीय पोषण संस्था झाली, डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी दख्खनच्या पठारावरच्या गरीब ज्वारी खाणाऱ्यांतला पेलाग्रा नावाचा रोग अभ्यासला. उन्हात उघडं राहणारं कातडं काळं पडून सोलतं, जुलाब लागतात, माणूस भ्रमिष्ट होतो. त्यांनी बोट ठेवलं ते ज्वारीच्या प्रथिनातल्या जास्तीच्या ल्युसीनवर. त्यावर पुढं शास्त्रज्ञांत बराच वाद झाला. पण तो रोग गरिबाचा होता, ज्याच्या ताटात डाळ नाही, दूध नाही, भाजी नाही, नुसती भाकरी आहे त्याचा. शहरातली जी मंडळी हल्ली नुसती भाकरीच औषध समजून खातात, त्यांनी हे एकदा वाचावं.

आता भाकरी गेली कशी. चवीनं म्हणाल तर नाही. १९५४ च्या अमेरिकेच्या पीएल-४८० कायद्याखाली आपल्याकडं गहू यायला लागला आणि रेशनच्या दुकानातून तो गावोगाव पोचला. १९७२ च्या दुष्काळात लाल ज्वारी आली, मिलो. मी तेव्हा चार वर्षांचा, मला काही आठवत नाही, पण आई सांगायची की दुष्काळी कामावर खडी फोडून आल्यावरसुद्धा ती भाकरी घशाखाली उतरत नव्हती. गव्हाची पोळी तोवर सणाची आणि पाहुण्याची. ती रेशनवर स्वस्तात मिळायला लागली तर माणूस नको कशाला म्हणेल?

दुसरं कारण आपल्या शेतातलं. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण आलं. उत्पन्न वाढलं, पोटं भरली, ते नाकारायचं कारण नाही. पण गावरान ज्वारी पाऊस सरल्यावर निसवायची, आणि संकरित शंभर-एकशेदहा दिवसांत तयार. दाणा भरतो तेव्हाच सप्टेंबरचा पाऊस, कणसावर बुरशी, दाणे काळे. काळ्या दाण्याला बाजारात भाव नाही आणि घरात कुणी खात नाही. बुटकी म्हणून कडबाही कमी. मग सोयाबीन आलं आणि खरिपाची ज्वारी संपली. सोयाबीनसोबत तणनाशक आलं, त्यात तांदुळजा, घोळ, पाथरी गेली. हे नुकसान कुणाच्या हिशोबात नाही.

तिसरं कारण बायकांना विचारा. भाकरी एकेक थापावी लागते, पीठ जुनं झालं की विरी जाते, थापताना फाटते. दिवसभर रोजानं जाऊन आलेल्या बाईनं दोन वेळा चुलीपुढं बसावं असं सांगणारे आपण पुरुषच.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असं लिहिलेलं होतं. आमच्या दुकानात वर्षानुवर्षं पोतं उघडलं की गहू नाहीतर तांदूळ.

पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं, १० ग्रॅम तंतू आणि ४ मिलिग्रॅम लोह आहे. अख्ख्या गव्हात जवळजवळ तेवढंच. पॉलिश तांदळात तंतू ३ ग्रॅमच्या आत आणि लोह १ मिलिग्रॅमच्याही आत. म्हणजे घरी दळलेल्या गव्हाची चपाती काही विष नाही. भाकरीला तेल लागत नाही आणि तिच्यासोबत डाळ, पालेभाजी, जवसाची चटणी यायची, हा खरा फरक. आज चपातीसोबत बटाटा, सकाळी चहात टोस्ट, पोराच्या हातात पाच रुपयाचं पाकीट.

आमच्या सुनेचं हिमोग्लोबिन पाचव्या महिन्यात ८.४ निघालं. आशाताईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या चालूच आहेत, त्या भाजीनं सुटत नाहीत. पण सोबत ताटात रोज पाला, वर लिंबू पिळलेलं, आणि जेवणाला लागून चहा बंद, कारण चहानं लोह अंगी लागत नाही. पाला विकत आणायचा म्हटलं तर बाजार आठवड्यातून एकदा. बारा एकराच्या घरात भाजी नाही!

म्हणून यंदा पोराशी बसून हिशोब केला. पाच माणसं, माणशी दिवसाला २०० ग्रॅम पीठ, म्हणजे दिवसाला १ किलो, वर्षाला साडेतीन क्विंटलच्या थोडं वर. कोरडवाहू एकरी ५ क्विंटल धरली तर एक एकर पुरतं, वर दोन जनावरांच्या वैरणीला कडब्याचा आधार. उरलेली विकली तर २०२५-२६ चा मालदांडीचा हमीभाव ३,७४९ रुपये आहे. पोरगा म्हणाला, दादा, काढणीचा खर्च धरा. धरला. उपटणीला माणसं मिळत नाहीत हे त्याचं म्हणणं खरंच आहे, त्यामुळं दोन एकराचा माझा हट्ट एकरावर आला.

तर एक एकर मालदांडी, धुऱ्यानं चार तास करडई, बाकी सगळा हरभरा. विहिरीजवळच्या दोन गुंठ्यांत तणनाशकाचा पंप न्यायचा नाही, तिथं तांदुळजा आणि घोळ आपोआप उगवतोय. मालदांडीचं बी घरचंच आहे, गंधक चोळून ठेवलंय. वाफसा आला की पेरतो.