रखमाबाईंचा खटला आणि इंग्लंडमधून आलेला दावा

दिवाणी आणि फौजदारी यांतला फरक आपण सर्वसाधारणपणे असा समजतो : नवराबायकोचा तंटा दिवाणी, मारहाण-चोरी फौजदारी, आणि तुरुंगाची पाळी आली तर ती फौजदारीतच. हा समज किती अपुरा आहे, हे रखमाबाईंच्या खटल्याइतके स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलेले नाही. शिवाय त्या खटल्याचा धागा थेट आपण राहतो त्या इंग्लंडशी जोडलेला आहे.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लागले. पण त्या सासरी गेल्या नाहीत. आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून त्या शिकत राहिल्या. १८८४ मध्ये बायकोला नांदायला पाठवावे, म्हणून दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला.

हा दावा धर्मशास्त्रातून आलेला नव्हता. त्याचे मूळ इंग्लंडमधल्या चर्चच्या न्यायालयांत होते. न्या. पिन्हे यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये नेमके यावरच बोट ठेवले. जे जोडपे कधी एकत्र राहिलेच नाही, त्यातल्या स्त्रीला मनाविरुद्ध नवऱ्याच्या हवाली करायला आधार नाही, असे सांगून त्यांनी दावा फेटाळला. त्यावर मोठे वादळ उठले. टिळकांनीही रखमाबाईंच्या विरोधात कडक लिहिले. १८८६ मध्ये अपिलात सर चार्ल्स सार्जंट आणि न्या. बेली यांनी निकाल फिरवला. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांचा हुकूम झाला : महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखवली.

गुन्हा कोणता? कोणताच नाही. दावा दिवाणी, हुकूमनामाही दिवाणी. पण तो न पाळणाऱ्याला कैदेत टाकण्याची सोय १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत होती. गंमत अशी की, दादाजींनी कोर्टाची पायरी चढली त्याच १८८४ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने आपल्याकडची ही कैद रद्द केली होती. मालकाने टाकलेला अंगरखा नोकराच्या अंगावर तसाच राहिला!

१८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली. रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला आल्या, इथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. पुढे सुरत आणि राजकोट इथे त्यांनी दीर्घकाळ काम केले.

खटल्याने पेटलेला बालविवाहाचा वाद फौजदारी कायद्यापर्यंतही पोचला. १८६० च्या दंडसंहितेत पत्नीसाठीसुद्धा संमतीचे वय दहा होते. १८९१ मध्ये ते बारा झाले.

नांदण्याच्या दाव्यातली कैद हिंदुस्थानात १९२३ मध्ये गेली. दावा मात्र राहिला, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून बसला. रखमाबाई त्याच वर्षी सप्टेंबरात वारल्या. इंग्लंडने हा दावा १९७० च्या कायद्याने मोडीत काढला. भारतात आंध्र हायकोर्टाने १९८३ मध्ये कलम ९ घटनाबाह्य ठरवले, तर सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये ते वैध ठरवले.

हे केवळ जुने पुराण नव्हे. आपल्यातल्या कित्येकांची लग्ने पुण्या-मुंबईत हिंदू विवाह कायद्याखाली लागलेली आहेत. कलम ९ चा हुकूमनामा झाल्यावर वर्षभर जोडपे एकत्र आले नाही, तर दोघांपैकी कोणीही त्या आधारावर घटस्फोट मागू शकतो; हुकूम मोडणाऱ्याच्या मालमत्तेवर जप्तीही येऊ शकते. म्हणून तिकडून कोर्टाचा कागद आला, तर ‘घरगुती बाब आहे, पोलिसांचे काम नाही’ म्हणून तो कपाटात टाकू नये. दावा कोणत्या कायद्याखाली आहे आणि हुकूम मोडला तर काय होईल, हे दोन प्रश्न वकिलाला आधी विचारावेत. रखमाबाईंच्या आयुष्याचा निकाल पहिल्या प्रश्नावर नव्हे, दुसऱ्यावर अडला होता.