सौम्य कोरोना घरी बरा करताना: वही, बोटाचं मशीन आणि शेताला सुट्टी

जानेवारी २०२२ लागल्यापासून गावोगावी एकच तक्रार ऐकायला येत होती. घसा धरलाय, अंग मोडून आलंय, कणकण आहे. तपासणी केली की बरेच जण पॉझिटिव्ह निघायचे. त्या ओमायक्रॉनच्या लाटेत बहुतेकांना दवाखान्यात भरती व्हावं लागलं नाही, माणूस घरीच बरा व्हायचा. ही चांगली गोष्ट होती. पण 'सौम्य आहे' याचा अर्थ 'काहीच नाही' असा काढला जायचा, आणि घोळ तिथंच व्हायचा. सौम्य हा शब्द त्या दिवसापुरता असतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून बघावं लागतं.

हे आमच्या घरानं एप्रिल २०२१ मध्ये शिकलं. मी आणि माझे चुलते, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, एकाच आठवड्यात पॉझिटिव्ह आलो. दोघांचंही सौम्य. माझा ताप चौथ्या दिवशी उतरला, आबांचा पाचव्या दिवशी. सहाव्या रात्री लाईट आली तसे आबा उसाला पाणी द्यायला गेले. "मला दम लागत नाही, मी ठणठणीत आहे," म्हणाले. सातव्या दिवशी दुपारी बांधावर बसले ते उठेनात. बोटाला मशीन लावलं तर ८४. दोन दवाखाने फिरलो, तिसऱ्यात बेड मिळाला. नऊ दिवसांनी आबा गेले. मशीन आमच्या घरातच होतं. ताप उतरला म्हणून मी ते कपाटात ठेवलं होतं. वहीतली शेवटची नोंद दोन दिवसांपूर्वीची होती.

म्हणून खालची माहिती एकदा वाचा आणि घरात सगळ्यांना सांगा.

सौम्य कुणाला म्हणायचं

ताप, खोकला, सर्दी, घसा, अंगदुखी आहे, पण श्वास घ्यायला त्रास नाही आणि ऑक्सिजन ९३ च्या वर आहे, तर ते सौम्य. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या ५ जानेवारी २०२२ च्या सूचनांमध्ये हेच सांगितलं होतं. मात्र हे डॉक्टरांनी ठरवायचं, पारावरच्या माणसांनी नाही.

वय ६० च्या पुढे असेल, किंवा साखर, बीपी, हृदय, फुप्फुस, किडनी, लिव्हर यांचा जुना आजार असेल, तर डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्यावरच घरी राहायचं. कॅन्सरचा उपचार सुरू असलेल्यांनी किंवा अवयव बदललेल्यांनी घरी थांबायची जोखीम घेऊ नये. गरोदर बाईनं आपल्या डॉक्टरांना आधी कळवावं.

वही कशी ठेवायची

पोराची जुनी वही चालते. घरातल्या एका धडधाकट माणसावर जबाबदारी टाका, रुग्णावर नको. रुग्ण 'बरं आहे' एवढंच सांगतो. तारीख, लक्षणांचा कितवा दिवस, ताप, ऑक्सिजन, नाडी आणि घेतलेलं औषध, एवढं सकाळ-संध्याकाळ लिहा. ताप असेल तर दिवसातून चार वेळा लिहा. दिवस मोजायचा तो पहिली कणकण आली तिथपासून.

ताप उतरला तरी वही बंद करू नका. आजार उलटायचा असेल तर बऱ्याचदा पाचव्या ते दहाव्या दिवसात उलटतो, आणि नेमकं त्याच वेळी माणसाला बरं वाटायला लागलेलं असतं. निदान दहा दिवस नोंद ठेवा. आशाताईंनी विचारलं तर वहीतले आकडे वाचून दाखवा.

बोटाचं मशीन लावताना

ऑक्सिमीटर लावण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. बोट गार असेल तर चोळून गरम करा, थंडीत गार बोटावर आकडा चुकतो. नेलपॉलिश असेल तर काढा, मेंदी असेल तर बिनमेंदीचं बोट घ्या. हात हलवायचा नाही. आकडा स्थिर झाल्यावर, अर्ध्या-एक मिनिटानं वाचा. दोन आकडे दिसतात, त्यातला एक ऑक्सिजन आणि दुसरा नाडीचे ठोके. या दोन्हींची गल्लत होऊन लोक उगाच घाबरतात, किंवा घाबरायला हवं तेव्हा घाबरत नाहीत.

एकदा आकडा कमी आला तर बोट बदलून पुन्हा बघा. तासाभरात तीन वेळा ९३ किंवा त्याहून कमी आला, तर घरी थांबायचं नाही.

मशीन नसेल तर शेजारी, आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात विचारा. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत गावातल्या पथकांकडे मशीन दिली होती. तीही मिळाली नाही तर घड्याळ घ्या. रुग्ण निजलेला असताना त्याच्या नकळत छाती एका मिनिटात किती वेळा वर येते ते मोजा. २४ च्या पुढे गेली तर डॉक्टर गाठा.

राज्याच्या आरोग्य विभागानं दुसऱ्या लाटेत सहा मिनिटं चालायची चाचणी सांगितली होती, तीही उपयोगी आहे. आधी आकडा बघा, मग घरातच सपाट जागेवर सहा मिनिटं नेहमीच्या चालीनं चाला, परत बघा. ९३ च्या खाली आला किंवा आधीपेक्षा ३ हून जास्त उतरला तर डॉक्टरांना सांगा. साठीच्या पुढच्यांनी तीनच मिनिटं चालावं, आणि सोबत कुणीतरी हवं. बसल्या जागी दम लागत असेल तर ही चाचणी करायचीच नाही. आबांना मी ही चाचणी करायला लावली असती तर बहुतेक सहाव्या दिवशीच कळलं असतं.

दोन खोल्यांच्या घरात वेगळं कसं राहायचं

मे २०२१ मध्ये आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी १८ जिल्ह्यांत घरचं विलगीकरण बंद करायचं जाहीर केलं होतं. कारण लोक घरी राहून सगळ्या घराला आजार देत होते. घरी राहायला मिळालं तर ते नीट पाळा.

रुग्णाला खिडकीची खोली द्या आणि खिडकी उघडी ठेवा. थंडी वाजली तर पांघरूण वाढवा. चुलीच्या धुराच्या जवळ झोपवू नका. वेगळी खोलीच नसेल तर पडवी आडोसा करून द्या. म्हातारी माणसं आणि साखरेचा आजार असलेल्यांना दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या घरी हलवा. जेवण दाराशी ठेवा. खोलीत जाताना दोघांनीही मास्क लावा, सेवा करणाऱ्यानं शक्यतो एन-९५. ताट-वाटी साबणानं धुतली की पुरे. संडास एकच असेल तर रुग्णानं सगळ्यात शेवटी जावं, नंतर धुऊन घ्यावं आणि दार उघडं ठेवावं. अंगावर पाजणाऱ्या आईनं दूध तोडू नये. मास्क लावून, हात धुऊन पाजावं.

औषध किती आणि कुठलं

सौम्य आजारात तापाला पॅरासिटामॉल हेच मुख्य औषध. मोठ्या माणसाला ६५० मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा, मध्ये सहा तासांचं अंतर ठेवून. लिव्हरचा आजार असेल किंवा दारूची सवय असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, त्यामुळं दोन्ही एकदम घेऊ नका. साखर-बीपीच्या रोजच्या गोळ्या बंद करू नका.

मेडिकलमधून कागदात बांधून मिळणारी पुडी घेऊ नका. त्यात स्टेरॉइड असू शकतं. त्यानं ताप लगेच उतरतो, भूक लागते, बरं वाटतं आणि फसगत होते. ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाला स्टेरॉइडनं फायदा होतो, सौम्य रुग्णाला नाही, हे जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या अभ्यासात दिसलं होतं. उलट साखर वाढते. दुसऱ्या लाटेत आपल्या राज्यात म्युकरमायकोसिसनं कित्येकांचे डोळे आणि जबडे गेले. त्यात साखर असलेले आणि स्टेरॉइड घेतलेले रुग्ण जास्त होते.

अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. सलाईन लावून 'ताकद' येत नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय छातीचा सीटी स्कॅनही करू नका. वाफेनं घशाला आराम पडतो, विषाणू मरत नाही. उकळतं भांडं मांडीवर घेऊन भाजून घेऊ नका. काढा एखाद कप ठीक, पण दिवसातून चार वेळा मिरी-सुंठीचा काढा पिऊन पित्त उसळलेली माणसं मी पाहिलीत.

खाणं-पिणं

तोंडाला चव नसली तरी थोडं थोडं खा. मुगाची खिचडी, पेज, भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून, अंडी, मोड आलेली मटकी, झेपेल ते. पाणी, लिंबूपाणी, सूप चालू ठेवा. लघवी गडद पिवळी व्हायला लागली तर पाणी कमी पडतंय असं समजा. जुलाब असतील तर ओआरएस घ्या. साखरवाल्यांनी गुळाचा काढा टाळावा आणि घरी साखर तपासत राहावं.

शेताचं आणि गोठ्याचं काय

आपल्याकडे घरात बसणं अवघड जातं ते याच्यामुळं. गव्हाला पाणी, कांद्याची लागवड, दोन वेळची धार, डेअरीला दूध. लाईट रात्री येते आणि मोटर चालू करायला माणूस लागतं. रुग्ण अंथरुणातून उठतो तो यासाठीच. म्हणून पॉझिटिव्ह आल्याबरोबर औषधाच्याही आधी हे ठरवा: दारं कोण धरणार, धारा कोण काढणार? आपल्या बापजाद्यांची सावड यासाठीच होती. या आठवड्यात त्यांनी तुमचं पाणी भरायचं, पुढच्या वेळी तुम्ही त्यांचं. भावकीत बोलणं नसलं तरी आजारपणात विचारायला लाजू नका. पाण्याची एक पाळी चुकली तर पिकाचं थोडं नुकसान होईल, ते भरून निघतं.

कधी बाहेर पडायचं

जानेवारी २०२२ च्या नियमानुसार पॉझिटिव्ह आल्यापासून ७ दिवस झाले आणि शेवटचे सलग ३ दिवस ताप नसला, तर विलगीकरण संपायचं. ताप नाही म्हणजे गोळी न घेता नाही. पुन्हा टेस्ट करायची गरज नव्हती, मास्क मात्र ठेवायचा होता.

विलगीकरण संपलं म्हणजे ताकद आली असं नाही. आधी अंगणात चाला, मग बांधापर्यंत, मग हलकं काम. पाठीवरचा फवारणी पंप आणि गोणी दम पहिल्यासारखा होईपर्यंत दुसऱ्याकडं द्या. काम करताना धाप लागली किंवा छाती धडधडली की थांबायचं. थकवा काही आठवडे राहू शकतो, त्यात आळस नसतो, घरच्यांनी टोमणे मारू नयेत. खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, टीबीची तपासणी तिथं मोफत होते. लसीचा डोस राहिला असेल तर तो बरं झाल्यावर ३ महिन्यांनी घ्यायचा, असा तेव्हाचा नियम होता.

यातलं काहीही दिसलं तर लगेच १०८

- ऑक्सिजन तासाभरात तीनदा ९३ किंवा कमी
- श्वास घ्यायला त्रास, किंवा मिनिटाला २४ पेक्षा जास्त श्वास
- छातीत सतत दुखणं किंवा दाब
- बरळणं, गोंधळणं, उठवूनही नीट न उठणं
- ओठ किंवा नखं निळसर होणं

१०० च्या वरचा ताप ३ दिवसांनंतरही टिकला, किंवा उठवत नाही इतका थकवा आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

गाडी येईपर्यंत रुग्णाला एकटं सोडू नका. पालथं झोपवल्यानं ऑक्सिजन थोडा वाढतो, पण नुकतंच जेवण झालेलं असेल, गरोदर असेल किंवा हृदयाचा मोठा आजार असेल तर पालथं झोपवू नका. दवाखान्यात जाताना वही सोबत घ्या. डॉक्टरांना पहिली कणकण कधी आली आणि आकडा कधी उतरला हे त्यातून लगेच कळतं.

आमच्या घरात आता मशीन आणि वही देवळीत ठेवलेली असते, सगळ्यांना दिसेल अशी. नंतर घरच्यांना ताप आला तेव्हा दहा दिवस नोंद केली. आकडा एकदाही ९६ च्या खाली गेला नाही. तरी दहाव्या दिवसापर्यंत लिहीत राहिलो.