उलट फिरलेली पृथ्वी : 'सुपरमॅन' (१९७८) आणि चित्रकथेच्या काळाचे माध्यमांतर

माध्यमांतराची चर्चा आपल्याकडे बहुधा कादंबरी आणि नाटक यांच्या आधाराने होत आली आहे. त्यामुळे 'मूळ कृतीशी चित्रपट कितपत प्रामाणिक राहिला?' हा प्रश्न तिच्या केंद्रस्थानी असतो. या प्रश्नामागे एक गृहीत आहे : मूळ कृती पूर्ण झालेली असते, तिला आरंभ आणि शेवट असतो, आणि तिचा कर्ता निश्चित असतो. चित्रकथेतील महानायकाच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही. तेथे पूर्ण झालेली कृती नसतेच. असते ती दशकानुदशके चालू राहिलेली मालिका. अशा मालिकेतून एकाच नायकाभोवती रचलेला दोन-सव्वादोन तासांचा चित्रपट निर्माण होतो, तेव्हा नेमके कशाचे रूपांतर होते? रिचर्ड डॉनर यांनी दिग्दर्शित केलेल्या 'सुपरमॅन' (१९७८) या चित्रपटाच्या आधारे या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे. येथे रूपांतर होते ते प्रामुख्याने काळाचे, कथानकाचे नव्हे. आणि या चित्रपटाचा सर्वाधिक उपहासित शेवटच त्याचा पुरावा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

जेरी सीगल आणि जो शूस्टर यांचा सुपरमॅन 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात (जून १९३८) अवतरला. दूरच्या ग्रहाचा विनाश, बालकाचे पृथ्वीवर आगमन आणि त्याचे वाढणे हा सारा पूर्ववृत्तान्त तेथे अवघ्या एका पानात उरकला आहे. हा सुपरमॅन उडत नव्हता. तो लांब उड्या मारीत असे. उड्डाण पडद्यावर रूढ झाले ते १९४१ पासूनच्या फ्लायशर बंधूंच्या व्यंगचलच्चित्रांतून. संपादक पेरी व्हाइट ही व्यक्तिरेखा १९४० मध्ये सुरू झालेल्या नभोवाणी मालिकेतून आली. क्रिप्टोनाइट हे त्याला निर्बल करणारे द्रव्यही १९४३ मध्ये नभोवाणीवर प्रथम अवतरले आणि चित्रकथेत १९४९ मध्ये पोहोचले. म्हणजे ज्याला आपण 'मूळ' म्हणू पाहतो, तेच अनेक माध्यमांच्या देवाणघेवाणीतून घडले आहे. येथे निष्ठेचा प्रश्न चुकीचा ठरतो, कारण निष्ठा कोणाशी, हेच ठरवता येत नाही.

पडद्यावरील आरंभीचे प्रयत्नही मालिकेच्याच तर्काने चालले. १९४८ चा कर्क अ‍ॅलिन अभिनीत बोलपट पंधरा भागांचा होता. १९५१ चा 'सुपरमॅन अँड द मोल मेन' हा जॉर्ज रीव्ह्‌ज यांचा चित्रपट तासाभराहूनही कमी लांबीचा आहे. त्यात नायकाचे चरित्र नाही. तो आधीपासूनच आहे, आणि एक संकट निवारून होता तसाच उरतो. पुढे हाच चित्रपट दूरचित्रवाणी मालिकेचे दोन भाग म्हणून दाखवण्यात आला, ही गोष्ट बोलकी आहे. जो चित्रपट इतक्या सहजपणे मालिकेत विरघळू शकतो, त्याने मालिकेचा काळ ओलांडलेलाच नसतो.

हा काळ कसा असतो, याचे विवेचन उम्बेर्तो एको यांनी १९६२ मधील सुपरमॅनवरील निबंधात केले आहे. पुराणकथेतील नायकाची कथा श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. कादंबरीतील नायक मात्र कृती करतो आणि प्रत्येक कृतीगणिक मृत्यूच्या जवळ सरकतो. सुपरमॅनला पुराणनायकासारखे अविनाशी राहावयाचे असते आणि त्याच वेळी कादंबरीच्या वाचकाची उत्कंठाही भागवायची असते. एको यांच्या मते यातून मार्ग निघतो तो काळाचा अनुक्रमच धूसर करून. एका साहसानंतर दुसरे साहस येते. पण आधी काय घडले आणि नंतर काय, हे कधीच स्पष्ट होत नाही. नायकाचे आयुष्य खर्ची पडत नाही.

१९७८ च्या चित्रपटाने नेमका हाच धूसरपणा दूर करण्याचा घाट घातला. त्याचा आरंभ सूचक आहे. पडदा सरकतो, लहानशा कृष्णधवल चौकटीत एक मूल चित्रकथेची पाने उलटू लागते, आणि मग प्रतिमा रुंद पडद्यावर उसळते. एकशे त्रेचाळीस मिनिटांच्या या चित्रपटात नायक आपल्या पोशाखात प्रथम दिसेपर्यंत सुमारे पाऊण तास गेलेला असतो. १९३८ चे ते एक पान येथे क्रिप्टॉनचा विनाश, स्मॉलव्हिलमधील कौमार्य आणि पालकपित्याचा मृत्यू अशा क्रमबद्ध चरित्रात विस्तारले आहे. जोनाथन केंट हृदयविकाराने कोसळतात. इतकी सामर्थ्ये असूनही आपण त्यांना वाचवू शकलो नाही, ही जाणीव क्लार्कला होते. झाले ते पुन्हा न झालेले होणार नाही, हा कादंबरीचा काळ येथे चित्रकथेच्या नायकाच्या वाट्याला येतो.

शेवटी हाच काळ पुन्हा समोर उभा राहतो. दोन क्षेपणास्त्रांपैकी एकच वेळेत अडवता येते; भूकंप होतो आणि भेगेत गाडल्या गेलेल्या मोटारीत लोइस लेन मरण पावते. मानवी इतिहासात हस्तक्षेप करू नये, ही जन्मदात्या जोर-एलची आज्ञा आणि पालकपित्याची शिकवण या दोन्ही त्याच्या कानी घुमतात. तो आज्ञा मोडतो, पृथ्वीभोवती प्रचंड वेगाने फिरतो, पृथ्वी उलट फिरू लागते आणि काळ मागे सरतो. भौतिकशास्त्राच्या अंगाने या प्रसंगाची थट्टा पुष्कळ झाली आहे. पण काळाच्या मांडणीच्या दृष्टीने तो अपघाती विसंगती नव्हे. पहिल्या पित्याचा मृत्यू कादंबरीच्या काळात घडला, म्हणून तो अटळ राहिला. लोइसचा मृत्यू मात्र चित्रकथेच्या काळाने पुसून टाकला. चित्रपटाने आरंभी स्वीकारलेला काळ शेवटी मालिकेला परत केला.

यावर एक आक्षेप संभवतो. काळ उलटवण्याचा हा प्रसंग मुळात एकाच वेळी चित्रित होत असलेल्या दुसऱ्या भागासाठी योजला होता आणि नंतर पहिल्यात आणला गेला. मग या निर्मितीव्यवहारातील सोयीत अर्थ शोधणे हा समीक्षकाचा कल्पनाविलास नव्हे काय? वस्तुतः हा इतिहास प्रतिपादनाला पुष्टीच देतो. रिचर्ड लेस्टर यांनी पूर्ण केलेल्या दुसऱ्या भागात (१९८०) लोइसला झालेली नायकाच्या खऱ्या ओळखीची जाणीव एका चुंबनाने पुसली जाते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉनर यांच्या संकलनात तेच काम पुन्हा काळ उलटवून केले जाते. शेवट कोणताही निवडा, कर्तव्य एकच : घडलेले न घडलेले करून नायकाला पूर्वपदावर आणणे. प्रसंग स्थलांतरित होऊ शकला, कारण त्याचे कार्य कोणत्याही एका कथानकाचे नव्हते. ते मालिकेचे होते.

तरीही चित्रपटाकडे असा एक घटक असतो, जो चित्रकथेकडे नाही : नटाचा देह. रेखाटलेला नायक म्हातारा होत नाही. १९९२ मध्ये चित्रकथेत सुपरमॅन मारला गेला आणि १९९३ मध्ये परतलाही. पण क्रिस्टोफर रीव्ह १९७८ पासून १९८७ पर्यंत चार चित्रपटांत दिसले आणि त्यांचे वय पडद्यावर नोंदले गेले. या शक्यतेचा पुरता वापर पुढे जेम्स मॅन्गोल्ड यांच्या 'लोगन'ने (२०१७) केला. २००० पासून वुल्व्हरिन साकारणाऱ्या ह्यू जॅकमन यांच्या थकलेल्या शरीरावरच तो चित्रपट उभा आहे. त्यात नायक मरतो, आणि त्या कथेपुरता मेलेलाच राहतो. खुद्द चित्रकथेची पुस्तकेही त्या चित्रपटात येतात आणि घडले ते असे नव्हते, अशा शब्दांत नायक त्यांना झिडकारतो.

मग शेवट करण्याचा अधिकार कोणाचा? येथे काळाचा प्रश्न मालकीच्या प्रश्नाशी येऊन भिडतो. सीगल आणि शूस्टर यांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरना विकले. दीर्घ विपन्नावस्थेनंतर, चित्रपटाची सिद्धता चालू असताना झालेल्या जाहीर मोहिमेमुळे, १९७५ मध्ये त्यांना प्रत्येकी वार्षिक २०,००० डॉलर मिळू लागले आणि निर्माते म्हणून त्यांची नावे पुन्हा छापली जाऊ लागली. १९७८ च्या श्रेयनामावलीत ती दिसतात. नाव परत मिळाले. कथा परत मिळाली नाही. ज्यांनी नायक कल्पिला, त्यांना त्याचे आयुष्य संपवण्याचा हक्क उरला नव्हता. आणि ज्यांच्याकडे हक्क होता, त्यांचे हित तो कधीही न संपण्यातच होते. एको यांनी वर्णिलेला धूसर काळ हा केवळ कथनाचा विशेष नाही. मालमत्तेने कथनावर घातलेली ती अट आहे. उलट फिरणाऱ्या पृथ्वीच्या प्रतिमेत ही अट क्षणभर दृश्यमान होते. महानायकपटांचे परीक्षण करताना निष्ठेचा प्रश्न बाजूला सारून समीक्षेने हाच प्रश्न विचारायला हवा : या कथेत काही कायमचे घडू शकते काय, आणि घडू शकत नसेल, तर कोणासाठी?